ययातीची खंत आणि आपली

मनाला लागून राहणाऱ्या दुःखासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. हातून लहानसे काही राहून गेले तर चुटपुट लागते. ती चार दिवस टिकली की तिची रुखरुख होते. हळहळ आपल्यासाठी वाटते तशी दुसऱ्यासाठीही वाटते. पश्चात्ताप होतो तो आपल्याच कृत्याचा. अनुताप हा शब्द संतांनी परमार्थाच्या वाटेवर उभा केला. या सगळ्यांत खंत मात्र थोडी वेगळी आहे. बाकीची दुःखे लागतात, वाटतात, होतात. खंत वाटते तशी बाळगताही येते. आणि 'बाळगणे' हे क्रियापद मराठी माणूस कोठे वापरतो ते पाहावे. शस्त्र बाळगतात, वैर बाळगतात, अभिमान बाळगतात, भीती बाळगतात. जे खाली ठेवता आले असते, पण जवळच ठेवायचे असे ठरवले, ते आपण बाळगतो. आमच्या भागातील कानडीतही 'हळहळी' आहे. तो शब्द कोणी कोणाकडून घेतला याचा निवाडा भाषाशास्त्रज्ञांनी करावा. सीमाभागात तो दोन्ही घरांत सुखाने नांदतो आहे.

खंत बाळगण्यात काही अर्थ असतो का, हा प्रश्न जुनाच आहे आणि त्याची दोन उत्तरे तयार असतात. व्यवहारी माणूस म्हणतो, झाले गेले गंगेला मिळाले. श्रद्धाळू माणूस म्हणतो, अनुतापावाचून शुद्धी नाही. दोघांचेही म्हणणे खरे असल्यामुळे प्रश्न जेथल्या तेथेच राहतो. मला हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वाटेने सोडवता येणार नाही. परंतु एकच खंत दोन लेखकांनी दोन भाषांत लिहिली असेल, तर त्या दोन पुस्तकांमधील अंतर मोजून त्या प्रश्नाच्या थोडे जवळ जाता येते. अशी दोन पुस्तके आपल्या अगदी शेजारी आहेत. वि. स. खांडेकरांची 'ययाति' ही मराठी कादंबरी १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. गिरीश कार्नाडांचे 'ययाति' हे कानडी नाटक १९६१ मध्ये. कादंबरी मागे असलेला माणूस सांगलीत जन्मला, शिरोड्याच्या शाळेत १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे शिक्षक होता आणि पुढे कोल्हापुरात स्थायिक झाला. नाटक लिहिणारा तरुण माथेरानला जन्मला, घरी कोंकणी बोलत शिरसीत वाढला आणि धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात शिकला. कोल्हापूर आणि धारवाड यांच्यामध्ये बेळगाव आहे. तरीही ही दोन पुस्तके आपल्या घरात एकाच फळीवर क्वचितच दिसतात. ज्ञानपीठ पुरस्कार १९७३ मध्ये बेंद्र्यांना, १९७४ मध्ये खांडेकरांना आणि १९९८ मध्ये कार्नाडांना मिळाला, हे आपल्याला स्पर्धेच्या आकड्यांसारखे पाठ असते. पुस्तके वाचायची मात्र राहून जातात.

१

मूळ कथा सर्वांना ठाऊक आहे. शर्मिष्ठेने रागाच्या भरात देवयानीला विहिरीत ढकलले. ययातीने तिला हात देऊन वर काढले. शर्मिष्ठा देवयानीची दासी होऊन तिच्याबरोबर आली, ययाती तिच्यात गुंतला, शुक्राचार्यांनी त्याला जरेचा शाप दिला आणि ती जरा धाकट्या पुरूने आपल्या अंगावर घेतली. महाभारतात ययाती हे उसने तारुण्य हजार वर्षे भोगतो, मग उपभोगाने वासना विझत नाही हे त्याला उमगते आणि तो पुरूचे तारुण्य परत करतो.

खांडेकरांनी या हजार वर्षांचे काही क्षण केले. त्यांच्या कादंबरीत पुरूचे तारुण्य घेतल्याबरोबर ययातीचे डोळे उघडतात, आणि कचाच्या साहाय्याने ते तारुण्य परत जाते. हा बदल किरकोळ नाही. महाभारतातील ययातीला भोग भोगून कंटाळा येतो; खांडेकरांच्या ययातीला शरम वाटते. पहिल्याचे शहाणपण अनुभवातून येते, दुसऱ्याचे खंतीतून. खांडेकरांचा ययाती हा आजच्या सुखामागे धावणाऱ्या सामान्य माणसाचा प्रतिनिधी आहे, आणि अशा माणसाला वाचवील ती त्याच्या मनाची टोचणीच, असा लेखकाचा विश्वास आहे. शिरोड्याच्या त्या शिक्षकाचा माणसावरचा हा विश्वास मला आजही आदरणीय वाटतो. नवसाहित्याच्या समीक्षकांनी खांडेकरांच्या अलंकारिक शैलीवर आणि जीवनवादावर पुष्कळ टीका केली, पण या कादंबरीचा वाचक काही त्यांना हिरावून घेता आला नाही. सीमाभागातील मराठी घरांतून लग्नात, वाढदिवसाला भेट म्हणून दिली गेलेली ही कादंबरी आहे. तिने वाचकाला काही दिलेच नसते तर ती इतकी वर्षे टिकली नसती.

तरीही फिरून वाचताना एक गोष्ट मला अस्वस्थ करते. कादंबरीत तीन निवेदक आहेत: ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा. तिघेही प्रथमपुरुषी बोलतात. ही रचना त्या काळाच्या मानाने धीट होती. एकाच प्रसंगाच्या तीन बाजू दिसतात आणि देवयानीसारख्या हट्टी स्त्रीचेही मन आपल्याला आतून समजते. पण ज्याचे तारुण्य काढून घेतले त्या पुरूला निवेदन नाही. ययातीच्या वाटेत आलेल्या अलकेला नाही, माधवीला नाही. म्हणजे ज्यांच्यापाशी अपराध घडला, त्यांच्यातील बहुतेकांच्या तोंडी शब्दच नाहीत. आणि ज्याने अपराध केले तो मात्र पानामागून पान आपल्या मनाचे वर्णन करतो. तो वाईट माणूस आहे असे मुळीच वाटत नाही. तो हळवा आहे, त्याला फुले आवडतात, मृत्यूचे भय त्याला सतावते, आईबापांच्या आयुष्याची सावली त्याच्यावर आहे. प्रत्येक घसरणीनंतर त्याला वाईट वाटते, आणि ते वाईट वाटणे तो फार सुंदर सांगतो. ते इतके सुंदर की पुढच्या घसरणीला त्याची आडकाठी होत नाही.

येथे खंत बाळगण्याचे मर्म हाती लागते असे मला वाटते. ययाती खंत बाळगतो, म्हणून तो थांबत नाही. उलट, आपल्याला खंत वाटते एवढ्यावरच आपण अजून चांगले आहोत अशी त्याची समजूत होते. मद्य, मृगया, स्त्री हे त्याचे भोग. खंत हा त्यांच्या पंक्तीला बसलेला आणखी एक भोग. तोही पुन्हापुन्हा घ्यावासा वाटतो आणि त्यानेही तृप्ती होत नाही.

यावर असे म्हणता येईल की, लेखकाला नेमके हेच दाखवायचे होते. ययातीचा शब्दसंभार हा खांडेकरांचा दोष नसून ययातीचा स्वभाव आहे. हा बचाव अर्धा खरा आहे. ययातीचे बोलणे फसवे आहे याची जाणीव लेखकाला ठिकठिकाणी आहे. कचाची व्यक्तिरेखा त्यासाठीच उभी केलेली आहे. परंतु शेवटी येणारी खंत आधीच्या खंतींपेक्षा वेगळी का ठरावी, याचे उत्तर कादंबरी देत नाही. ती शेवटची आहे म्हणूनच ती खरी. शिवाय कच मदतीला आहे, तारुण्य परत जाते, कोणाचे कायमचे नुकसान होत नाही. ज्या खंतीला किंमत मोजावी लागत नाही तिची परीक्षा झाली असे म्हणता येत नाही.

२

कार्नाडांनी हे नाटक इंग्लंडला शिकायला जाण्याच्या सुमारास लिहिले. इंग्रजीत कवी व्हायचे स्वप्न पाहणाऱ्या या तरुणाच्या हातून नाटक उतरले, तेही कानडीत, याचे आश्चर्य त्यांना स्वतःलाच वाटले होते आणि ते त्यांनी पुढे लिहूनही ठेवले. घरच्यांच्या अपेक्षांचे ओझे मनावर असताना बापासाठी आपले तारुण्य देणाऱ्या मुलाची कथा त्यांना सुचली. तेव्हा हे नाटक मुलाच्या बाजूने लिहिलेले आहे. विशीबाविशीतल्या माणसाचे ते पहिले नाटक आहे, त्यात काही संवाद लांबलेले आहेत, युरोपातील अस्तित्ववादाची छाया आहे. पण त्यात एक पात्र असे आहे की त्याने ही जुनी कथा मुळापासून हलवली. ते म्हणजे पुरूची नवपरिणीत पत्नी चित्रलेखा.

महाभारतात जरा घेणारा पुरू हा जणू एकटा जीव आहे. त्याच्या त्यागाचा परिणाम आणखी कोणावर होईल हा प्रश्नच तेथे उठत नाही. कार्नाडांनी तो उठवला. नव्या सुनेला राजवाड्यात आल्यावर कळते की आपला नवरा एकाएकी म्हातारा झाला आहे आणि सासरा तरुण. सासरा तिला कुळाची थोरवी, त्यागाची महती सांगतो. तिने हे हसतमुखाने स्वीकारावे अशी त्याची अपेक्षा आहे. चित्रलेखा उलट विचारते: माझ्या नवऱ्याचे तारुण्य तुम्ही घेतले आहे, तर मग मलाही घ्या. या तर्काला ययातीजवळ उत्तर नाही. ती विष घेते आणि मरते. त्यानंतर ययाती पुरूची जरा परत घेतो आणि शर्मिष्ठेसह वनात निघून जातो. पुरूला तारुण्य मिळते, राज्य मिळते. या सर्वाचा अर्थ काय, एवढाच प्रश्न विचारत तो रंगभूमीवर उभा राहतो.

महाभारतात हजार वर्षे, खांडेकरांकडे काही क्षण, कार्नाडांकडे एक रात्र. कार्नाडांचा ययातीही फार उशीर करत नाही. घेतलेली वस्तू तो सकाळ होण्यापूर्वीच परत करतो. पण ती परत करेपर्यंत एक माणूस गेलेला असतो. ज्याचे देणे होते तो जिवंत आहे, जिचे देणे होते ती नाही. येथे खंतीला पहिल्यांदा किंमत पडते. परतफेड करूनही हिशेब जुळत नाही, आणि तरीही परतफेड करायची, हे ययातीला स्वीकारावे लागते. शेवटाकडे त्याचे बोलणे कमी होत जाते हे मला महत्त्वाचे वाटते. खांडेकरांचा ययाती खंतीमुळे बोलका होतो. कार्नाडांचा ययाती खंतीने मिटतो.

याच नाटकात स्वर्णलता नावाची दासी आहे. तिच्या नवऱ्याला तिचा संशय होता. कितीही शपथा घेतल्या तरी त्याचे समाधान होईना, तेव्हा त्याला शांती मिळावी म्हणून न केलेल्या अपराधाची तिने कबुली दिली. आणि तो तिला सोडून गेला. मुख्य कथेशी या उपकथेचा धागा सैल आहे अशी तक्रार करता येईल. पण खंतीच्या अंगाने पाहिले तर ती अगदी योग्य जागी आहे. राजाने केलेल्या अपराधाची झळ दुसऱ्यांना बसते. दासी न केलेल्या अपराधाचे ओझे आयुष्यभर वाहते. खंत ही नेहमी अपराध्याच्याच वाट्याला येते असे नाही. बऱ्याचदा ती घरातील सर्वांत गरीब माणसाकडे सरकवली जाते.

शर्मिष्ठेकडेही थोडे लक्ष द्यायला हवे. दोन्ही पुस्तकांत, आणि मूळ कथेतही, तिच्या हातून एका क्षणाच्या रागात अपराध घडला आहे. त्याची किंमत म्हणून तिने राजकन्येचे दासी होणे पत्करले, कारण तसे न केल्यास शुक्राचार्य निघून जातील आणि तिच्या लोकांचे नुकसान होईल. ती किंमत तिने दुसऱ्या कोणाच्या नावावर टाकली नाही. कार्नाडांची शर्मिष्ठा कडवट आहे, तिच्या जिभेला धार आहे. पण शापाची जरा तू स्वतःच स्वीकार असे ययातीला सांगणारी तीच आहे. एकाच घरात राहणारी ही दोन माणसे. एकाने अपराधाची किंमत स्वतः भरली, दुसऱ्याने ती मुलाकडून भरून घेतली. खंत कोणाची किती खोल, हे तपासण्याची याहून सोपी कसोटी मला सापडलेली नाही.

३

आता थोडे मागे, जुन्या ग्रंथांकडे. श्रीमद्भागवताच्या नवव्या स्कंधात ययातीची कथा आहे, आणि तेथे एक प्रसंग आहे जो आधुनिक लेखकांनी उचलला नाही याचे नवल वाटते. विरक्त होत चाललेला ययाती देवयानीला एका बोकडाची गोष्ट सांगतो. विहिरीत पडलेली एक शेळी या बोकडाने शिंगांनी काठ उकरून बाहेर काढली. मग तो तिचा झाला, इतर शेळ्यांचाही झाला. पहिली शेळी रागावून आपल्या धन्याकडे गेली. धन्याने बोकडाला शिक्षा केली, मग पुन्हा त्याला पूर्ववत केले. आणि इतके होऊनही बोकडाची तृप्ती काही झाली नाही. गोष्ट ऐकता ऐकता देवयानीला समजते की हा बोकड कोण.

पश्चात्तापाचे इतके निर्मळ रूप मी दुसरीकडे वाचलेले नाही. यात 'मी' नाही. स्वतःच्या आयुष्याकडे तृतीयपुरुषात पाहण्याइतका, आणि स्वतःला हसण्याइतका, हा माणूस दूर गेला आहे. शिवाय गोष्ट तो सभेत सांगत नाही. जिचा अपराध केला त्या देवयानीला सांगतो. खांडेकरांच्या ययातीचे शंभर पानांचे आत्मनिवेदन एका बाजूला आणि ही बोकडाची गोष्ट दुसऱ्या बाजूला ठेवली, तर खंतीचे दोन प्रकार डोळ्यांसमोर स्पष्ट होतात. एकीचे तोंड स्वतःकडे असते, दुसरीचे ज्याचे नुकसान झाले त्याच्याकडे.

ज्यांच्या घरी एकनाथी भागवताचे पारायण चालते त्यांना याच जातीच्या आणखी दोन खंती परिचित आहेत. नाथांनी १५७३ मध्ये काशीत पूर्ण केलेल्या या टीकेत, म्हणजे अकराव्या स्कंधावर, तेविसाव्या अध्यायात अवंतीच्या कृपण ब्राह्मणाची कथा येते आणि सव्विसाव्यात पुरूरव्याची. अवंती म्हणजे आपल्या माळव्यातील वाचकांची उज्जैन. तेथल्या कृपणाचे धन आप्तांनी, चोरांनी, राजाने, काळाने नेले. मग त्याला अनुताप झाला आणि तो भिक्षू झाला. लोक त्याला छळतात, पण तो लोकांना, देवांना, ग्रहांना कोणालाच बोल लावत नाही. सुखदुःखाचे कारण आपले मन, एवढेच म्हणतो. पुरूरवा तर ययातीचा पणजोबा. उर्वशी निघून गेल्यावर वेड्यासारखा तिच्यामागे धावलेला हा सम्राट पुढे भानावर येऊन म्हणतो की, यात तिचा काय दोष, तिने मला समजावले होते, मीच समजलो नाही. दोघांची खंत तीव्र आहे, पण ती कोणाकडे बोट दाखवत नाही. नाथांनी अनुतापाला जे मोल दिले ते यामुळे. अनुताप म्हणजे रडत बसणे असा त्यांचा अर्थ नव्हताच. अनुताप झालेला माणूस दुसऱ्या दिवशी वेगळा वागू लागला तरच तो अनुताप.

४

महाभारतातील ययातीची कथा वनात संपत नाही. हा उत्तरार्ध दोघाही आधुनिक लेखकांनी सोडून दिला आहे. ययाती स्वर्गात जातो, तेथे इंद्राने विचारले असता माझ्यासारखा तपस्वी कोणी नाही अशी बढाई मारतो आणि स्वर्गातून पडतो. पडताना एवढेच मागतो की सज्जनांमध्ये पडावे. तो येतो अष्टक, प्रतर्दन, वसुमान आणि शिबी या चार राजांमध्ये. हे त्याच्या मुलीचे, माधवीचे मुलगे, म्हणजे त्याचे नातू. आदिपर्वातील कथेप्रमाणे एकेक राजा आपले पुण्य त्याला देऊ करतो. दान घ्यायचे नसेल तर गवताची काडी देऊन विकत घ्या, असेही एक जण सुचवतो. आणि ययाती प्रत्येकाला नकार देतो. दुसऱ्याचे कमावलेले मी घेणार नाही, असे खोटे विकत घेणेही मी कधी केलेले नाही, असे म्हणतो. शेवटी पाच सोन्याचे रथ येतात आणि सगळे मिळून वर जातात.

ज्या माणसाने एके काळी मुलाचे तारुण्य मागून घेतले, तोच आज नातवांनी आपण होऊन दिलेले पुण्य नाकारतो आहे. या प्रसंगात खंत हा शब्द नाही, डोळ्यांत पाणी नाही, पूर्वायुष्याचा उल्लेखही फारसा नाही. पण ययातीला खरोखर खंत होती की नव्हती याचा पुरावा मागायचा असेल तर तो येथे आहे. पुढच्या पिढीचे काही घेण्याची वेळ पुन्हा आली, आणि या खेपेस त्याने घेतले नाही. खंत बाळगून जे साधायचे ते एवढेच: तीच संधी पुन्हा आली तर हात मागे घेता येणे. तो मागे घेता येत असेल तर खंत तिचे काम करून गेलेली असते, मग ती बाळगण्याचीही गरज राहत नाही. आणि तो येत नसेल, तर कितीही वर्षे बाळगली तरी तिचा उपयोग नाही.

पडतानाही त्याला पाडणारी बढाई तपाची होती हेही ध्यानात ठेवावे. भोगाचा गर्व सुटला तरी त्यागाचा गर्व राहतो. मी किती सोसले, मी किती सोडले, याची आठवण माणूस फार प्रेमाने जपतो.

५

हे सगळे मी सीमाभागातील वाचकांपुढे का मांडतो आहे, असे कोणी विचारील. कारण खंत बाळगणे हा आपल्या वाङ्मयाचा स्थायीभाव होऊन बसला आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. २०१४ मध्ये शहराचे अधिकृत नावही बेळगावी झाले. या तारखांमागे खऱ्या माणसांचे खरे दुःख आहे, आणि आपला हक्क मागणे ही खंत नव्हे. मागणीचे तोंड उद्याकडे असते. ती मांडावी, सनदशीर मार्गाने मांडावी, त्यात संकोच कशाला? पण आपल्या कथा-कवितांत आणि दिवाळीच्या फराळाभोवतीच्या बोलण्यात जे असते ते मागणीपेक्षा वेगळे असते. त्याच वेळी कोल्हापुरास घर केले असते तर, मुलाला अमुक माध्यमात घातले नसते तर, अशी ती जरतारी हळहळ असते. ती ययातीच्या पहिल्या प्रकारची आहे. बोलून झाल्यावर बरे वाटते आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा बोलता येते.

यात आणखी एक धोका आहे, तो मला कार्नाडांच्या नाटकाने दाखवला. ययातीने आपली जरा पुरूला दिली. आपण आपली खंत मुलांना देतो. ज्या मुलीचा जन्म १९५६ नंतर पन्नास वर्षांनी झाला, जी शाळेत कानडी लिहिते, घरी मराठी बोलते, इंग्रजीत नोकरीचा अर्ज करते आणि या तिन्हींत हसू शकते, तिच्याकडून आपली अपेक्षा असते की तिने आजोबांइतकेच दुःखी असावे. ती तशी नसली की तिला मराठीचा अभिमान नाही असे आपण म्हणतो. अभिमान आणि उसने म्हातारपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुरू आज्ञाधारक होता, त्याने मान खाली घातली. चित्रलेखेने घातली नाही. आपल्या घरातील चित्रलेखा विष घेत नाहीत, सुदैवाने. त्या मराठी पुस्तक मिटून ठेवतात. नुकसान मराठीचे होते.

धारवाडच्या बेंद्र्यांच्या घरी मराठी बोलली जात असे आणि त्यांची कविता कानडीत बहरली. मराठीतही त्यांनी लिहिले. ही गोष्ट आपण कधी अभिमानाने सांगतो, तर कधी मराठी कवी गमावल्याच्या खंतीने. एकाच वस्तुस्थितीकडे पाहण्याच्या या दोन दृष्टींपैकी कोणती मुलांच्या हाती द्यायची, हे मात्र आपल्या हातात आहे.

माझे म्हणणे खंत टाकून द्या असे नाही. ज्याला कशाचीच खंत वाटत नाही, अशा माणसाशेजारी राहायला मला भीती वाटेल. ती वाटावी, तिने एखादी रात्र झोपू देऊ नये. पण तिचे तोंड कोणाकडे आहे हे सकाळी तपासून पाहावे. ज्याचे आपण काही घेतले त्याच्याकडे ते असेल, तर उठून परत करण्याजोगे जे असेल ते परत करावे. स्वतःकडेच असेल, तर तिला नमस्कार करून कामाला लागावे. आणि कोणत्याही परिस्थितीत ती मुलांच्या खांद्यावर ठेवू नये.

खांडेकरांचा 'ययाति' आपल्या बहुतेकांच्या घरी आहे. त्याच्या शेजारी कार्नाडांचा 'ययाति' आणून ठेवावा; ज्यांना कानडी येते त्यांनी कानडीतूनच वाचावा. येत नसेल त्यांनी घरातल्या शाळकरी मुलीकडून तो वाचून घ्यावा आणि मराठीत अर्थ सांगायला तिला सांगावे. आजोबांना कानडी अक्षरे वाचून दाखवणारी नात आणि तिचा एखादा मराठी शब्द अडला तर तो पुरवणारे आजोबा, यांच्यात देणेघेणे होईल खरे. पण कोणाचे तारुण्य जाणार नाही आणि कोणाची जरा कोणाला घ्यावी लागणार नाही.